पवनचक्कीची लढाई, नोव्हेंबर १८३८: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही किंग्स्टनला राहतो. टोरांटो आणि माँट्रियल यांच्या साधारण मध्यावर असल्यामुळे आमचं घर म्हणजे नातेवाइकांची धर्मशाळा. माँट्रियलकडे निघालेल्या पाहुण्यांना मी मोठा महामार्ग सोडून नदीकाठच्या जुन्या रस्त्यानं नेतो आणि प्रेस्कॉट गावाच्या पुढे एका दगडी मनोऱ्यापाशी गाडी थांबवतो. पहिल्यांदा नेलं तेव्हा सासऱ्यांनी मान वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, पवनचक्की म्हणालात. पाती कुठायत?" तेव्हापासून प्रत्येक खेपेला थोड्याफार फरकानं तेच प्रश्न येतात. उत्तरं एकदाची लिहून ठेवतो.

इथे नेमकं काय झालं होतं?

१२ नोव्हेंबर १८३८ च्या सकाळी अमेरिकेतून दोनशे-अडीचशे सशस्त्र माणसं सेंट लॉरेन्स नदी ओलांडून या टोकावर उतरली. ती कुठल्याही देशाची फौज नव्हती, स्वतःला 'हंटर' म्हणवणारी माणसं होती. ब्रिटिश सत्तेखालचा कॅनडा 'स्वतंत्र' करायचा, आपण नुसतं पाऊल टाकलं की तिथली रयत उठून आपल्याला येऊन मिळेल, अशी त्यांची खात्री होती. पाच दिवस ती या चक्कीत आणि आजूबाजूच्या दगडी घरांत अडकून पडली. रयत आली खरी, पण त्यांच्यावर बंदुका रोखून. १६ तारखेच्या संध्याकाळी सगळं संपलं. अकरा जण फासावर गेले, साठ जणांना काळं पाणी झालं.

कॅनडात बंड कधी झालं? आम्हाला तर तो सरळमार्गी देश वाटतो.

सगळ्यांनाच वाटतो. पण १८३७ च्या अखेरीस तिथे दोन उठाव झाले. त्या वेळी कॅनडाचे दोन प्रांत होते: फ्रेंचबहुल खालचा कॅनडा, म्हणजे आजचं क्वेबेक, आणि इंग्रजीभाषक वरचा कॅनडा, म्हणजे आजचं दक्षिण ओन्टॅरिओ. खालच्या प्रांतात लुई-जोसेफ पापिनो यांच्या मागे उभे राहिलेले 'पॅट्रिओत' सैन्याशी भिडले. वरच्या प्रांतात विल्यम लायन मॅकेन्झी या वृत्तपत्रकार-राजकारण्यानं टोरांटोवर चाल करण्याचा प्रयत्न केला. ७ डिसेंबर १८३७ ला यंग स्ट्रीटवरच्या माँटगोमेरीच्या खानावळीपाशी त्याच्या लोकांची दाणादाण उडाली. आज त्याच यंग स्ट्रीटखालून टोरांटोची मेट्रो धावते.

तक्रारी खोट्या नव्हत्या. निवडून आलेल्या सभागृहाला काडीचा अधिकार नव्हता. जमिनी, नेमणुका आणि पैसा गव्हर्नरभोवतीच्या मोजक्या घराण्यांच्या हातात होता. पण तक्रार असणं वेगळं आणि शेजारच्या देशातून कुणी बंदुका घेऊन सोडवायला यावं असं वाटणं वेगळं. या सगळ्या प्रकरणाची मेख तिथेच आहे.

मग अमेरिकेतल्या माणसांना काय पडलं होतं?

मॅकेन्झी पळून बफेलोला गेला आणि तिथल्या सभांतून त्याचं जंगी स्वागत झालं. त्यानं नायगारा नदीतल्या नेव्ही बेटावर 'कॅनडाचं प्रजासत्ताक' जाहीर केलं आणि स्वयंसेवकांना तीनशे एकर जमीन आणि वर चांदीचे शंभर डॉलर देऊ केले. ही जमीन अजून जिंकायची होती, हा तपशील वेगळा.

हे आमिष कुणापुढे टाकलं जात होतं तेही बघा. १८३७ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली होती, बँका बुडत होत्या, कालव्यांची कामं थंडावली होती. एरी कालव्याच्या पट्ट्यात आणि सरहद्दीवरच्या गावांत हाताला काम नसलेले तरुण ढिगानं होते. त्यातच १८३६ मध्ये अमेरिकन स्वयंसेवकांच्या मदतीनं टेक्सस मेक्सिकोपासून तुटलं होतं. टेक्ससला जमलं तर कॅनडाला का नाही, असा सरळ हिशोब होता.

आणि मग इंग्रजांनीच आगीत तेल ओतलं. नेव्ही बेटावर रसद पोचवणारी 'कॅरोलाइन' ही अमेरिकन स्टीमर २९ डिसेंबर १८३७ च्या रात्री कॅनडाच्या लोकांनी नदी ओलांडून, अमेरिकेच्या धक्क्यावरून ओढून नेली आणि पेटवून धबधब्याच्या दिशेनं सोडून दिली. झटापटीत एमॉस डर्फी नावाचा एक अमेरिकन मारला गेला. वर्तमानपत्रांनी एकाचे कितीतरी केले. त्यानंतर सरहद्दीवर ज्याला कॅनडा नकाशावर दाखवता आला नसता तोही सूडाची भाषा बोलू लागला.

जाता जाता: आंतरराष्ट्रीय कायद्याचे विद्यार्थी हे नाव ओळखतील. हल्ला होण्याआधीच स्वसंरक्षण म्हणून वार करता येतो का, या वादात आजही 'कॅरोलाइन'चा दाखला देतात. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी या प्रकरणात जी कसोटी मांडली, ती थोडक्यात अशी: गरज तत्काळ आणि अनिवार्य हवी, दुसरा मार्ग नको आणि विचार करायलाही उसंत नको.

'हंटर' म्हणजे शिकारी? ही काय भानगड?

गुप्त संघटना. हंटर्स लॉज. १८३८ च्या उन्हाळ्यात व्हरमाँटपासून मिशिगनपर्यंत सरहद्दीच्या गावागावांत तिच्या शाखा निघाल्या. फ्रीमेसनांसारखी शपथ, खुणा, हस्तांदोलनाच्या तऱ्हा आणि चढत्या चार पायऱ्या: स्नोशू, बीव्हर, ग्रँड हंटर आणि पेट्रियट हंटर. सभासद किती? चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत आकडे फिरतात. मला यातला खालचा आकडासुद्धा फुगवलेला वाटतो. शपथ घेणं फुकट होतं आणि शपथेनंतर गावच्या गुत्त्यात मान मिळत होता. नदी ओलांडायची वेळ आली तेव्हा किती उरले ते पुढे येईलच.

सप्टेंबर १८३८ मध्ये क्लीव्हलँडला या मंडळींनी अधिवेशन भरवलं. तिथे कॅनडाचा भावी अध्यक्ष निवडला, मंत्रिमंडळ नेमलं, एक बँकही काढली. बाजारात तुरी म्हणतात ती हीच!

हल्ल्यासाठी प्रेस्कॉटच का निवडलं?

नकाशावर बघितलं तर निवड वाईट नव्हती. सेंट लॉरेन्स ही माँट्रियल आणि किंग्स्टनमधली मुख्य वाट. प्रेस्कॉट हातात आलं की ती तुटली. गावात फोर्ट वेलिंग्टन होता. १८१२ च्या ब्रिटन-अमेरिका युद्धानंतर ओस पडलेला हा किल्ला तेव्हा नुकता दुरुस्तीला काढला होता, म्हणजे पुरता सज्ज नव्हता. समोर, दीड-दोन किलोमीटर पाण्यापलीकडे, ऑग्डेन्सबर्ग हे सहानुभूती असलेलं अमेरिकन गाव. शिवाय त्याच नोव्हेंबरच्या सुरुवातीला खालच्या कॅनडात दुसरा उठाव व्हायचा होता, त्याला जोड म्हणून हा घाव. तो उठाव झाला, पण हंटर निघायच्या आतच मोडला गेला.

पण नकाशावर माणसं दिसत नाहीत. ग्रेनव्हिल, डंडास, स्टॉरमाँट, ग्लेनगॅरी हे इथले तालुके वसवले होते ते अमेरिकन क्रांतीत राजाच्या बाजूनं लढून घरदार गमावलेल्या लोकांनी. १७८४ च्या सुमारास ते या किनाऱ्यावर आले. आजोबांची जमीन अमेरिकन 'स्वातंत्र्या'नं कशी गिळली याच्या गोष्टी ऐकतच इथली पोरं मोठी झाली होती. १८१२ च्या युद्धात याच नदीवरून दोन्हीकडून हल्ले झाले. फेब्रुवारी १८१३ मध्ये प्रेस्कॉटच्या लोकांनी गोठलेली नदी चालत ओलांडून ऑग्डेन्सबर्ग घेतलं होतं. जवळच क्रिसलर्स फार्मला अमेरिकन सैन्याचा पराभव झाला तो ११ नोव्हेंबर १८१३ ला. त्याला बरोबर पंचवीस वर्षं आणि एक दिवस झाला असताना हे मुक्तिदाते इथे उतरले. अख्ख्या वरच्या कॅनडात क्रांती शोधायला याहून चुकीचा किनारा नसेल. बाभळीखाली आंबे वेचायला जाण्यातला प्रकार.

उतरताना काय गडबड झाली?

सगळीच झाली. 'युनायटेड स्टेट्स' या प्रवासी स्टीमरवर आणि तिनं ओढत आणलेल्या दोन शिडाच्या जहाजांवर मिळून सुमारे चारशे माणसं होती. दोन्ही शिडाच्या जहाजांचं नाव 'शार्लट', एक ओस्वेगोचं आणि एक टोरांटोचं. गोंधळाची नांदी नावापासूनच.

पहाटेच्या अंधारात थेट प्रेस्कॉटच्या धक्क्याला लागायचं असा बेत होता. धक्क्याला दोर नीट अडकेना, पहारेकऱ्यानं हटकलं, जहाज प्रवाहाबरोबर खाली सरकलं. एक जहाज पलीकडे 'ऑस्वेगाची' नावाच्या नदीच्या मुखाशी गाळात रुतलं. दुसरं गावाखाली मैलभर अंतरावर, पवनचक्कीच्या टोकाला लागलं, तिथे लोक उतरले. म्हणजे ही चक्की मुळात बेतात नव्हतीच!

आणि सेनापती? जॉन वॉर्ड बर्ज नावाचे 'जनरल' होते. ऐन वेळी त्यांची तब्येत बिघडली, पोटाचं दुखणं उपटलं, आणि ते ऑग्डेन्सबर्गलाच राहिले. शाळेत परीक्षेच्या सकाळी ज्याचं पोट दुखलं नाही असा मराठी माणूस विरळा, त्यामुळे या प्रसंगाला आमच्या गाडीत नेहमी हशा मिळतो. पण पलीकडच्या किनाऱ्यावर जी माणसं उतरून बसली होती त्यांच्या दृष्टीनं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांचं नेतृत्व आयत्या वेळी निल्स फॉन शूल्ट्झ या परदेशी माणसाच्या गळ्यात पडलं.

त्या पाच दिवसांत काय काय झालं?

पहिल्या दिवशी 'एक्सपेरिमेंट' नावाची छोटी ब्रिटिश स्टीमर नदीत एकटीच 'युनायटेड स्टेट्स'वर तोफा डागत राहिली. एक गोळा सुकाणूच्या खोलीतून आरपार गेला आणि सुकाणू धरणारा जागीच ठार झाला. त्यानंतर ती स्टीमर ऑग्डेन्सबर्गला परतली ती परतलीच. काठावर उतरलेल्यांची परतीची वाट तेव्हाच बंद झाली.

१३ तारखेला सकाळी कर्नल प्लोमर यंग यांच्या हाताखाली थोडे खडे सैनिक आणि पाचशेच्या आसपास मिलिशिया, म्हणजे गावोगावचे शेतकरी, दोन बाजूंनी चालून आले. शूल्ट्झची माणसं कुंपणांच्या दगडी भिंतींमागून मागे हटत चक्कीत आणि घरांत शिरली. तिथून त्यांनी नेम धरून मारा केला. ८३ व्या पलटणीचा लेफ्टनंट विल्यम जॉन्सन पडला. त्याच्या प्रेताची विटंबना झाल्याची बातमी किंग्स्टनला पोचली आणि शहराचा पारा चढला. कैद्यांना पुढे जी वागणूक मिळाली तिच्यामागे ही बातमी होती.

नदीतून नौदलाच्या कॅप्टन सँडमच्या बोटी गोळे टाकत होत्या. चक्कीच्या भिंती तळाला जवळपास मीटरभर जाड, आणि आकार गोल. हलके गोळे भिंतीला लागून घसरत, उडून पडत. आज हात लावून बघितलं की कळतं: दगड खडबडीत, सांधे घट्ट, आणि आत जिना चढताना खिडकीच्या कोनाड्याची खोली पाहून आपोआप थांबायला होतं. ज्यानं धान्य दळायला ही बांधली त्यानं नकळत बुरूज बांधला होता.

मग तिढा पडला. बाहेरच्यांना आत जाता येईना, आतल्यांना बाहेर. १४ ला मेलेले-जखमी उचलण्यापुरती थोडा वेळ तहाची पांढरी निशाणं लागली. आत दारूगोळा, अन्न, औषधं संपत चालली. नोव्हेंबरची इथली थंडी मला ठाऊक आहे. नदीवरचा वारा कोटातून हाडापर्यंत जातो. आणि पलीकडे ऑग्डेन्सबर्गच्या काठावर हजारो लोक तमाशाला जमल्यासारखे उभे राहून ओरडून उत्तेजन देत होते. ओरडत होते, येत नव्हते.

१६ ला किंग्स्टनहून लेफ्टनंट कर्नल हेन्री डंडास ८३ व्या पलटणीच्या आणखी तुकड्या आणि जड, अठरा पौंडी तोफा घेऊन आले. आता बाहेर हजाराहून जास्त माणसं होती. दुपारी मारा सुरू झाला, घरांचे कोपरे ढासळू लागले, अंधार पडेपर्यंत आतल्यांनी हत्यारं टाकली. दोन्ही बाजूंचे मिळून तीसेक मेले. दीडशेहून जास्त पकडले गेले, शूल्ट्झसुद्धा.

कुणी त्यांना सोडवायला गेलंच नाही?

एक प्रयत्न झाला. ऑग्डेन्सबर्गचे तरुण राजकारणी प्रेस्टन किंग 'पॉल प्राय' नावाची छोटी स्टीमर घेऊन रात्री चक्कीपाशी गेले. मोजकी माणसं परत आली, बाकीच्यांचं जायचं ठरेना, आणि बोट परतली. आपण त्यांना वाचवू शकलो नाही या विचारानं किंग इतके खचले की त्यांना उपचारांसाठी इस्पितळात ठेवावं लागलं. पुढे ते अमेरिकेचे सिनेटर झाले. १८६५ मध्ये न्यू यॉर्कच्या बंदरात फेरीबोटीवरून उडी टाकून त्यांनी जीव दिला. दोन गोष्टींमध्ये सत्तावीस वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे मी त्यांची गाठ मारत नाही.

अमेरिकन सरकारची फूस होती का?

नव्हती. हा प्रश्न दर वेळी येतो, आणि विचारणाऱ्याचा चेहरा 'मला सगळं माहीत आहे' असा असतो. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरन यांना ब्रिटनशी युद्ध अजिबात नको होतं. देशात मंदी, फ्लोरिडात सेमिनोल लोकांशी न संपणारी लढाई, आणि सैन्य मूठभर. जानेवारी १८३८ मध्ये त्यांनी जनरल विनफिल्ड स्कॉटला सरहद्दीवर पाठवलं, मार्चमध्ये काँग्रेसनं तटस्थतेचा कायदा कडक केला. लढाईच्या त्या आठवड्यातही कर्नल विल्यम वर्थ आणि सरकारी मार्शल यांनी ऑग्डेन्सबर्गला येऊन हंटरांच्या बोटी जप्त केल्या. कुमक अडली ती त्यामुळे. २१ नोव्हेंबरला व्हॅन ब्युरननी जाहीरनामा काढला: असल्या उद्योगात पकडले गेलात तर सरकारकडून मदतीची अपेक्षा ठेवू नका.

स्थानिक पातळीवर मात्र डोळेझाक भरपूर होती. शस्त्रागारांतून बंदुका 'चोरीला' जात, कोर्टातल्या ज्युरी हंटरांना सोडून देत. वरचा साहेब एक सांगतो आणि खालचा हवालदार दुसरंच करतो, हे आपल्याला नवीन नाही.

निल्स फॉन शूल्ट्झ कोण होता? पोलंडचा ना?

तो स्वतःला पोलिश म्हणवायचा. जन्म १८०७ चा, आजच्या फिनलंडमधल्या कुओपिओचा. घराणं स्वीडिश राजवटीतलं. स्वीडनच्या सैन्यात अधिकारी होता. १८३१ मध्ये रशियाविरुद्धच्या पोलिश उठावात लढला. मग इटलीत, फ्लॉरेन्सला, त्यानं एका स्कॉटिश तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. १८३६ मध्ये बायको-मुलींना मागे ठेवून तो अमेरिकेला आला आणि न्यू यॉर्क राज्यात सॅलिना इथे, मिठाच्या झऱ्यांच्या गावात, खाऱ्या पाण्यातून मीठ काढायच्या सुधारलेल्या पद्धतीवर काम करू लागला. देखणा, अनेक भाषा बोलणारा, गोड वागणारा. हंटरांनी त्याला सांगितलं की कॅनडात लोक पोलंडसारखेच भरडले जाताहेत, आणि त्यानं ते खरं मानलं. ओनोन्डागा तालुक्यातल्या मंडळींनी त्याला निळ्या रेशमी कापडाचा झेंडाही दिला होता, त्यावर गरुड आणि 'ओनोन्डागाच्या हंटरांनी मुक्त केलं' अशा अर्थाची अक्षरं. मुक्ती व्हायच्या आधीच झेंड्यावर भूतकाळ.

या माणसाबद्दल मला राग येत नाही, कीवही पूर्ण येत नाही. फ्लॉरेन्समधल्या बाईचा विचार मनात येतो. पण एक गोष्ट त्याच्या पदरात टाकायलाच हवी. तुरुंगातून सॅलिनाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं विनवलं की आता आणखी रक्त सांडू देऊ नका, कॅनडाच्या लोकांच्या छळाच्या ज्या कथा आपल्याला सांगितल्या त्या मी स्वतः पाहिल्याप्रमाणे खोट्या होत्या. बर्जसारखे पुढारी सुखरूप घरी होते. चूक कबूल केली ती फाशीची वाट पाहणाऱ्यानं.

त्याचा वकील पुढे कॅनडाचा पंतप्रधान झाला, हे खरं का?

हो. जॉन ए. मॅक्डोनल्ड, तेव्हा किंग्स्टनमधला तेवीस वर्षांचा वकील, १८६७ मध्ये कॅनडाचा पहिला पंतप्रधान. खटला लष्करी न्यायालयात चालला. तिथे वकिलाला आरोपीच्या वतीनं उभं राहता येत नव्हतं, फक्त सल्ला देता येत होता. शूल्ट्झनं आरोप कबूल केला. मृत्युपत्र मॅक्डोनल्डनं लिहून दिलं, आणि त्यात आपल्याविरुद्ध लढताना मेलेल्या मिलिशियावाल्यांच्या कुटुंबांसाठी पैसे ठेवलेले होते. ८ डिसेंबर १८३८ ला फोर्ट हेन्रीवर त्याला फाशी दिलं. कबर किंग्स्टनच्या सेंट मेरी दफनभूमीत आहे.

बाकीच्यांचं काय झालं?

आणखी दहा जणांना डिसेंबर ते फेब्रुवारीत फाशी. कोवळ्या वयाच्या बऱ्याच पोरांना, भुलवून आणले गेले म्हणून, माफी मिळून घरी पाठवलं. साठ जणांना जन्मभरासाठी व्हॅन डीमन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला. १८३९ च्या सप्टेंबरात क्वेबेकहून 'बफेलो' हे जहाज निघालं ते फेब्रुवारी १८४० मध्ये होबार्टला पोचलं. तिथे रस्ते बांधायच्या टोळ्यांत या न्यू यॉर्कच्या शेतकरीपुत्रांनी खडी फोडली. १८४४-४५ पासून माफी मिळू लागली, पण परतीचं भाडं कुणी दिलं नाही. व्हेल पकडणाऱ्या जहाजांवर काम करत कसेबसे घरी पोचले ते पोचले.

त्याच जहाजावर खालच्या कॅनडाचे अठ्ठावन्न फ्रेंच बंडखोरही होते. त्यांना सिडनीला उतरवलं. तिथल्या 'कॅनडा बे' आणि 'एक्झाइल बे' या नावांमागे तेच आहेत.

यात आपल्याकडचा काही संबंध?

मलाही आधी वाटलं होतं की नाही. तीन धागे निघाले.

एक, त्या वेळचा वरच्या कॅनडाचा लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर. हा कॅनडात येण्याआधी बारा वर्षं व्हॅन डीमन्स लँडचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. कैद्यांना कुठे पाठवतोय हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आणि कॅनडानंतर १८४२ ते १८४६ तो मुंबईचा गव्हर्नर होता. म्हणजे १८४४ चं गडकऱ्यांचं बंड, सामानगड, पन्हाळा, सगळं त्याच्याच कारकिर्दीतलं. सावंतवाडीचे बंडवाले सरहद्द ओलांडून गोव्यात गेले आणि पोर्तुगीजांनी त्यांना आसरा दिला, तेव्हा नदीपलीकडच्या शेजाऱ्याची डोकेदुखी त्याला पुन्हा आठवली असणार असं मला आपलं वाटतं. (महाबळेश्वरची ऑर्थर सीट याची नव्हे. ते नाव आर्थर मॅलेटवरून. प्रत्येक पाहुणा विचारतो.)

दोन, ८३ वी पलटण. चक्कीपुढे लढलेली हीच पलटण १८५७-५८ मध्ये राजपुताना आणि मध्य भारताच्या मोहिमांत होती, म्हणजे तात्या टोप्यांच्या पाठलागाच्या मुलखात.

तीन, 'बफेलो' जहाज. कैद्यांनी ज्या फळ्यांवर झोपून अर्धं जग पालथं घातलं ते सागवान होतं. जहाज १८१३ मध्ये कलकत्त्यासमोर, हुगळीच्या पलीकडे सलकियाला बांधलं गेलं होतं, मूळ नाव 'हिंदोस्तान'.

मॅकेन्झी या हल्ल्यात होता का?

नाही. त्याच्यावर अमेरिकेतच तटस्थतेचा कायदा मोडल्याचा खटला झाला, १८३९ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा होऊन तो रॉचेस्टरच्या तुरुंगात बसला. ज्या प्रजासत्ताकाचे गोडवे गायले त्याचाच तुरुंग आतून बघून त्याचा बराचसा भ्रमनिरास झाला. १८४९ च्या माफीनंतर तो परतला आणि पुन्हा निवडून आला.

यानंतर हल्ले थांबले?

लगेच नाही. ४ डिसेंबर १८३८ ला दीडशेच्या आत-बाहेर माणसं डेट्रॉइटहून नदी ओलांडून विंडसरला उतरली. त्यांची एका सकाळीत वाट लागली. तिथे मिलिशियाच्या कर्नल जॉन प्रिन्सनं काही कैद्यांना खटल्याविना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या. यावरून कॅनडातही वादळ उठलं. मग हंटर विरत गेले. १८६६ चे फीनियन हल्ले हे वेगळं प्रकरण, ते आयर्लंडसाठी होते. दोन्हींची खिचडी करू नका.

कॅनडाला शेवटी हवं ते मिळालं का?

बरंचसं. उठावांच्या चौकशीसाठी ब्रिटननं पाठवलेल्या लॉर्ड डरहॅमचा अहवाल १८३९ मध्ये आला, १८४१ मध्ये दोन्ही प्रांत एक झाले, १८४८ मध्ये विधिमंडळाला जबाबदार सरकार आलं. पवनचक्कीनं यात काय हातभार लावला? माझ्या मते उलटाच. प्रत्येक हल्ल्यानंतर सुधारणा मागणारा माणूस 'अमेरिकेचा हस्तक' ठरत होता, आणि सत्तेतल्या जुन्या घराण्यांना तेवढंच हवं होतं.

आज गेलं तर काय बघायला मिळतं? आणि पाती?

चक्की १८३२ ची. पाती लढाईनंतर गेली. १८७० च्या दशकात तिचं दीपगृह केलं, माथ्यावर कंदिलाची काचघुमटी बसवली आणि ती १९७८ पर्यंत चालली. आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, उन्हाळ्यात उघडं असतं. निघण्याआधी वेळ बघून घ्या. वर चढलात तर समोर ऑग्डेन्सबर्ग इतकं जवळ दिसतं की गाड्या मोजता येतील. फोर्ट वेलिंग्टन पश्चिमेला दोनेक किलोमीटरवर, तोही बघा. जेवण बरोबर न्या. गवतावर बसून पोळी-भाजी खायला याहून चांगली जागा या रस्त्यावर नाही.

त्या नदीवरच्या लुटारूचं, चाच्या बिल जॉन्स्टनचं काय झालं? गाडीत तुम्ही त्याचं नाव घेतलं होतंत.

बिल जॉन्स्टन. जन्म कॅनडाचा, १८१२ च्या युद्धात इंग्रजांनी संशयावरून तुरुंगात टाकलं, तिथून निसटून अमेरिकेला गेला आणि मनातली अढी आयुष्यभर पाळली. मे १८३८ मध्ये त्यानं सहस्रद्वीपांत, म्हणजे याच नदीतल्या बेटांच्या पुंजक्यात, 'सर रॉबर्ट पील' ही ब्रिटिश स्टीमर लुटून जाळली आणि महिनोन्‌महिने बेटांत लपून राहिला; त्याची मुलगी केट होडीनं शिदोरी पोचवायची. पवनचक्कीच्या वेळी तो नदीवर होता, पण चक्कीत नव्हता. लढाईनंतर अमेरिकनांनी पकडलं, तो पळाला, पुन्हा पकडला गेला, शेवटी माफी मिळाली. १८५३ मध्ये अमेरिकन सरकारनं त्याला नोकरी दिली: रॉक आयलंडच्या दीपगृहाचा राखणदार. 'पील' जाळली त्या जागेपासून ते दीपगृह हाकेच्या अंतरावर आहे. सत्तरी ओलांडलेला जॉन्स्टन तिथे रोज संध्याकाळी दिवा लावायचा, आणि त्या उजेडात ब्रिटिश बोटीसुद्धा वाट काढत जायच्या.